सगळ्यांच्या तोंडात बसणारं गाणं

डेन्मार्कमध्ये राहायला लागलं की एक शब्द सारखा कानावर पडतो, फोल्केली. स्पेलिंगमध्ये शेवटी ग आहे पण तो कोणी उच्चारत नाही. साध्यासुध्या माणसांना जे आवडतं, आपलं वाटतं, ज्याच्यासमोर अंग चोरून बसावं लागत नाही ते फोल्केली. एखादा मंत्री फोल्केली असतो, म्हणजे तो सायकलवरून बाजारात येतो आणि लोक त्याला थांबवून रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलू शकतात. चौकातली सॉसेजची गाडी फोल्केली. नॉर्वे आणि स्वीडनमध्येही थोड्याफार फरकाने हाच शब्द चालतो. पण हाच शब्द कधीकधी नाक जरा वर करूनही वापरतात, म्हणजे "बरं आहे, फोल्केली आहे" असं कोणी एखाद्या नाटकाबद्दल म्हटलं की समजायचं, त्यांना ते फारसं खोल वाटलेलं नाही.

मी बरीच वर्षं आरहूसला राहते, आणि मला विचाराल तर फोल्केली म्हणजे काय हे कळायचं असेल तर या लोकांची गाणी बघावीत. मैफलीतली नाही, सगळ्यांनी मिळून म्हणायची. डेन्मार्कमध्ये शाळेत सकाळी गातात, चर्चमध्ये गातात ते सोडाच, पण ऑफिसच्या मिटिंगमध्ये, पक्षाच्या अधिवेशनात, कोणी रिटायर होताना, कोणी गेल्यावर, सगळीकडे गातात. आणि कोणीही "मला गाता येत नाही हो" म्हणत नाही, कारण तो प्रश्नच कोणी विचारलेला नसतो.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या साठीला गेले होते. युटलंडमधलं छोटं गाव, आणि गावातला हॉल. हे हॉल म्हणजे स्वतःच एक गोष्ट आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी गावागावातल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून ते बांधले, सभा घ्यायला, व्यायाम करायला, नाच करायला आणि लग्नं लावायला. अजून शेकडो गावांत ते चालू आहेत. आत लांबच लांब टेबलं, त्यावर कागदाचा रोल अंथरलेला, आणि जेवणही ठरलेलं, भाजलेलं मांस, उकडलेले बटाटे, साखरेत घोळवलेले तपकिरी बटाटे आणि भरपूर तपकिरी सॉस. मी मांस खात नाही हे त्यांना माहीत होतं म्हणून माझ्यापुढे बटाट्यांचा दोन्ही प्रकारचा डोंगर. जेवण अर्ध्यावर आलं असेल तेव्हा तिचा भाचा उठला, ग्लासवर चमचा वाजवला आणि लाल रिबिनीने बांधलेल्या कागदाच्या गुंडाळ्या प्रत्येकाच्या हातात द्यायला लागला. गुंडाळी उघडली की वरती एक ओळ, "चाल अमुक अमुक गाण्याची", आणि खाली नऊ का दहा कडवी, सगळी तिच्यावर. ती लहानपणी झाडावरून पडली ते, तिची पहिली डबडा गाडी, नवऱ्याशी ओळख कशी झाली, ती मिटिंगमध्ये कशी सगळ्यांना वेळेवर गप्प करते. भाच्याने रात्री बसून यमकं जुळवली होती, काही जुळली होती, काही ओढूनताणून होती. आणि चाल अशी की टेबलावरच्या ऐंशी वर्षांच्या आजीपासून शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ. कोणी सुरू करा म्हटलं नाही, कोणी सूर दिला नाही, कोणीतरी पहिला शब्द उचलला आणि अख्खा हॉल मागून. जिच्यावर गाणं होतं ती मात्र गात नव्हती, लाल होऊन ऐकत होती, आणि तिसऱ्या कडव्याला डोळे पुसत होती. गाणं संपलं की सगळे उभे आणि हुर्रा.

आपल्याकडे घरच्या गणपतीच्या आरतीला जसं होतं ना, कोणी पट्टीत, कोणी पट्टीबाहेर, एखाद्या काकांना ताल सापडत नाही पण टाळ त्यांच्याच हातात, आणि तरी कोणाला खटकत नाही, मला तिथे पहिल्यांदा तसं मोकळं वाटलं. कोपनहेगनला आपली मराठी मंडळी गणपती बसवतात तेव्हा येणाऱ्या डॅनिश मित्रांना आरतीचं फार काही समजावून सांगावं लागत नाही ते याचमुळे. शब्द कळत नाहीत, पण सगळ्यांनी मिळून उभ्याने गायचं हे त्यांना एकदम ओळखीचं.

हे सगळं आपोआप आलेलं नाही. यामागे ग्रुंटविग नावाचा एक माणूस आहे, जन्म १७८३, मृत्यू १८७२. धर्मगुरू, कवी, इतिहासाचा वेडा, पंधराशेच्या आसपास भजनं म्हणजे चर्चमधली स्तोत्रं लिहिली असतील. त्या काळी शिक्षण म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन म्हणजे मूठभर लोक. ग्रुंटविगचं म्हणणं होतं की पुस्तकातलं मेलेलं अक्षर पुरे, माणसाने माणसाशी तोंडाने बोलावं, जिवंत शब्द पाहिजे, आणि तो शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे. १८४४ मध्ये रोडिंगला या विचाराची पहिली शाळा निघाली, लोकांची हायस्कूल म्हणतात तिला, पण ती आपल्यासारखी हायस्कूल नाही. अठरा-वीस वर्षांच्या शेतकरी पोरांनी हिवाळ्यात, शेतात काम नसताना यायचं, तिथेच राहायचं, इतिहास ऐकायचा, वाद घालायचे, आणि गायचं. परीक्षा नाही, मार्क नाहीत. १८५१ मध्ये क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलाने रुस्लिंगेला अशीच शाळा काढली, तो तर नुसता गोष्टी सांगून शिकवायचा. आजही डेन्मार्कमध्ये अशा सत्तरेक शाळा आहेत आणि आजही तिथे परीक्षा घेत नाहीत, आणि दिवस सुरू होतो तो गाण्याने.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की या गाणाऱ्या, परीक्षा न घेणाऱ्या शाळांमधून निघालेली माणसं भाबडी नव्हती. १८८२ मध्ये पश्चिम युटलंडमधल्या येडिंग गावात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली, आणि मोठ्या शेतकऱ्याच्या तीस गायी असोत की गरिबाच्या दोन, मत एकालाच एक. डॅनिशमध्ये डोकं आणि गुरं हे शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात, त्यामुळे "मतं डोक्यांवर, गुरांवर नाही" हे वाक्य तिथे म्हणीसारखं झालंय. आणि आस्कोव्ह नावाच्या अशाच एका शाळेत पॉल ला कूर हा शिक्षक १८९१ पासून पवनचक्कीवर वीज बनवण्याचे प्रयोग करत होता, पुढे त्याने खेड्यातल्या पोरांना वायरिंग शिकवून इलेक्ट्रिशियन म्हणून तयार केलं. आज डेन्मार्कची जी पवनचक्क्यांची एवढी ख्याती आहे त्याची एक मुळी त्या शाळेच्या आवारात आहे. साध्या माणसाला आवडेल असं काहीतरी सोपं करून द्या असा ग्रुंटविगचा हिशोब नव्हताच, त्याचा भरवसा होता की साधा माणूस जड गोष्टही पेलतो, फक्त ती त्याच्या तोंडात बसली पाहिजे.

१८९४ मध्ये या शाळांचं गाण्याचं पुस्तक निघालं. ते तेव्हापासून छापलं जातंय, दर काही वर्षांनी नवी आवृत्ती, काही गाणी जातात, काही येतात. बायबल सोडलं तर घराघरात सापडणारं पुस्तक कुठलं तर हे, असं इथले लोक म्हणतात आणि मला ते खरं वाटतं, जुन्या सामानाच्या दुकानात तर त्याच्या जुन्या आवृत्त्या हमखास असतात, कोणाकोणाची नावं आणि तारखा लिहिलेल्या.

आता कार्ल नील्सन. संगीताचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव सहा सिंफनींमुळे माहीत असतं, डेन्मार्कचा सगळ्यात मोठा संगीतकार, एकेकाळी शंभर क्रोनरच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. जन्म १८६५, फ्युन बेटावरचं खेडं, बारा भावंडांतला सातवा, वडील घरं रंगवायचे आणि लग्नाकार्यात व्हायोलिन आणि कॉर्नेट वाजवायचे. चौदाव्या वर्षी हा ओडेन्सच्या लष्करी बँडमध्ये लागला. पुढे कोपनहेगन, पुढे नाव, पुढे तालेवार मंडळींत ऊठबस. आणि अशा माणसाने १९१५ मध्ये, म्हणजे चौथी सिंफनी लिहीत होता त्याच काळात, थॉमस लाउब या मित्राला हाताशी धरून साध्या माणसाला म्हणता येतील अशा चाली बांधायला घेतल्या. दोघांनी मिळून आधी वीस, मग आणखी वीस गाणी काढली आणि १९२२ मध्ये आणखी दोघांना घेऊन या शाळांसाठी चालींचं अख्खं पुस्तक तयार केलं.

या चाली मी पियानोवर हळूहळू वाजवून बघितल्यात. त्यात उड्या फार नाहीत, सूर पायरी पायरीने चढतो-उतरतो, सगळं मिळून साधारण एका सप्तकात बसतं, वर फार ताणावं लागत नाही. एका अक्षराला एक सूर, त्यामुळे बोलल्यासारखं गाता येतं. साथ नसली तरी चालतं. आणि मध्येच कुठेतरी एक सूर असा येतो की तो तिथे येईल असं वाटत नाही, तेवढ्या एका सुरामुळे दहाव्यांदा म्हणतानाही कंटाळा येत नाही. हे सोपं काम नाही. कठीण लिहून दाखवणं त्याला रोजचं होतं, हे मात्र त्याला घासूनपुसून काढावं लागलं असणार.

त्याचं यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं थोडं आधीचं, १९०७ चं, येन्स व्हायमान. कवी येप्पे ओक्येर, स्वतः गरीब शेतकरी घरातला, गड्यांच्या आणि मोलकरणींच्या हालांवर जन्मभर लिहिणारा. येन्स म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणारा म्हातारा. डोळ्यावर चामड्याचा तुकडा, हातात हातोडा, पहाटेपासून रात्रीपर्यंत दगड. कवितेत शेवटी तो मरतो, आणि त्याच्या थडग्यावर एक कुजकी, वाकडी फळी आहे, कारण आयुष्यभर ज्याच्या वाट्याला एवढे दगड आले त्याला थडग्यावर मात्र कोणी एक दगड दिला नाही. मला हे पहिल्यांदा एका कॉलेजातल्या ग्रुपबरोबर म्हणताना कळलं तेव्हा पुढची ओळ म्हणता आली नव्हती. या गाण्याची चाल रडकी नाहीये. ती हातोड्याच्या ठेक्यावर, जवळजवळ खेळकर चालते, आणि शेवटच्या कडव्यालाही चाल तीच, तिला काही फरक पडत नाही, म्हणून तो घाव जास्त लागतो. त्या काळी हे गाणं रस्त्यात, घराघरात, सगळीकडे झालं. ज्याच्यावर लिहिलंय तोही ते म्हणू शकत होता. मला फोल्केलीचा खरा अर्थ इथे सापडतो, लोकांबद्दल लिहिणारे खूप असतात, लोकांना देणारेही असतात, पण लोकांच्या तोंडात जाऊन बसेल आणि तिथे गेल्यावर त्यांचंच होईल असं देणारे थोडे.

आणि एकदा तोंडात बसलं की त्याची ताकद काय असते ते १९४० मध्ये दिसलं. ९ एप्रिलला जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला. लोकांकडे करण्यासारखं फार काही नव्हतं. जुलैमध्ये ऑलबोर्गला दीडेक हजार लोक जमून नुसते गायले. देशाची गाणी, निसर्गाची गाणी, ज्यात लढाईचा एक शब्द नाही. ते पसरत गेलं, आणि १ सप्टेंबरला देशभर एकाच वेळी ठिकठिकाणी मैदानांत, बागांत साधारण सात लाख लोक गायले. देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाखांच्या आत. बीच झाडाच्या पालवीवरच्या गाण्याला बंदी कशी घालणार?

तरी लोकांचं आणि कलेचं कायम गोडीगुलाबीचं राहिलं असंही नाही. १९६४ मध्ये सरकारने कलावंतांना अनुदान देणारा निधी काढला आणि पुढच्या वर्षी पहिली नावं जाहीर झाली तेव्हा कोल्डिंगच्या एका गोदामातला मुकादम, पेटर रिंडाल, याने सह्यांची मोहीम काढली. आमच्या टॅक्सच्या पैशातून आम्हाला न कळणारी चित्रं आणि कविता का? हजारो सह्या जमल्या, पेपरांत महिनोन्महिने भांडण, आणि त्याच्या नावावरून एक वादच तयार झाला, रिंडालवाद, आजही कलेच्या पैशावर कोणी ओरडलं की हा शब्द निघतो. मला रिंडालचं म्हणणं पटत नाही, निधी राहिला हे चांगलंच झालं. पण त्याला हसणाऱ्यांचंही मला पटत नाही. गोदामातला माणूस जेव्हा म्हणतो की हे माझं नाही, तेव्हा तो अडाणी आहे म्हणून विषय संपवणं हे ग्रुंटविगच्या देशात शोभत नव्हतं. त्याच सुमारास रेडिओवर डॅनिश गाण्यांची टॉपची यादी सुरू झाली, १९६८ मध्ये, अकॉर्डियन, हसरे चेहरे, सोपी प्रेमगीतं, आणि जाणकारांनी तिला कधीच जवळ केलं नाही. मी त्यातली पुष्कळ ऐकलीत. काही खरंच पातळ आहेत, ऐकायला ठीक पण म्हणायला घेतली की दुसऱ्या कडव्यात हातात काही उरत नाही. विकलं जाणं आणि लोकांचं होणं यात हा फरक मला जाणवतो.

किम लार्सन या गायकाचं दोन्ही झालं. सत्तरच्या दशकातला रॉक बँड, मग स्वतःची गाणी, १९८३ चा त्याचा अल्बम तर डेन्मार्कमध्ये सगळ्यात जास्त खपलेल्यांपैकी. डोक्यावर टोपी, तोंडात सिगारेट, राणीने देऊ केलेला मान त्याने नको म्हणून सांगितला. ३० सप्टेंबर २०१८ ला तो गेला आणि त्यानंतर गावागावांत लोक रस्त्यावर आले, कोपनहेगनला मशाली घेऊन हजारो लोक टाऊन हॉलच्या चौकात गेले आणि त्याची गाणी गायले. माझ्या शेजारचे काका, एरवी लिफ्टमध्ये दोन शब्दांच्या वर न बोलणारे, त्या संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकून बसले होते आणि आतून एकामागून एक गाणं, ते स्वतः बरोबर म्हणत होते.

त्यानंतर दोनच महिन्यांनी जे झालं त्यावर मी खूप विचार केलाय. कोपनहेगनच्या एका बिझनेस कॉलेजमध्ये स्टाफच्या मिटिंगला नेहमीप्रमाणे गाणं झालं, "डॅनिश गाणं म्हणजे एक तरुण, सोनेरी केसांची मुलगी" या ओळीने सुरू होणारं. काय हॉफमनचे शब्द, चाल परत कार्ल नील्सनचीच. बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या एका शिक्षिकेने सांगितलं की हे गाताना मला मी बाहेरची वाटले. कॉलेजने माफी मागितली, आणि ती बातमी बाहेर आल्यावर अख्खा देश पेटला. राजकारणी, पेपर, टीव्ही, सगळे. अर्धे म्हणाले आता आम्ही आमची गाणी पण म्हणायची नाहीत का, अर्धे म्हणाले तिचं ऐका तरी.

माझे केस काळे आहेत आणि मी ते गाणं म्हणते, आवडीने म्हणते. ती मुलगी रूपक आहे, समुद्राच्या निळ्या देशातली, घरात गुणगुणत फिरणारी, आणि चाल तर इतकी सुंदर की ती बंद करावी असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. पण त्या बाईंना जे वाटलं ते खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकत्र गाण्याचा सौदाच असा आहे की खोलीतल्या प्रत्येकाने तोंड उघडायचं. मिटिंगमध्ये एक तोंड बंद राहिलं तर बाकीच्या पन्नास जणांनी कितीही जोरात म्हटलं तरी ते पुरतं फोल्केली झालं नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्या भांडणात तिच्याशी कोणी नीट बोललं का याची चर्चा फार कमी झाली, "आमचं" आणि "तुमचं" याचीच जास्त झाली.

मग २०२०. मार्चमध्ये सगळं बंद, आणि सरकारी टीव्हीवर फिलिप फाबर हा कोरसचा कंडक्टर रोज सकाळी पियानोसमोर बसायला लागला. आज हे गाणं, याचा कवी हा, चला. लोक आपापल्या स्वयंपाकघरात, पायजम्यात. एप्रिलमध्ये राणीची ऐंशी झाली, ठरलेले सगळे समारंभ रद्द, तर लोक घराघरातून गायले. मीही लॅपटॉप फ्रीजवर ठेवून पोहे परतता परतता कितीतरी गाणी तेव्हाच शिकले, आणि ज्यांच्याशी महिनोन्महिने भेट नाही त्यांच्याबरोबर एकाच वेळी एकच ओळ म्हणतोय याने मला खरंच सावरलं.

त्याच वर्षी शाळांच्या गाण्याच्या पुस्तकाची एकोणिसावी आवृत्ती आली, ६०१ गाणी, आणि त्यात इसाम बी या गायकाचं "कोपनहेगनमधला रमजान". मोरोक्कोहून आलेल्या घरातला, कोपनहेगनमध्येच वाढलेला माणूस. लगेच डॅनिश पीपल्स पार्टीने आवाज उठवला, हे पुस्तक आमच्या वारशाचं आहे, रमजानचं गाणं यात कशाला. मला वाटतं निवड करणाऱ्यांनी बरोबर केलं, कारण ग्रुंटविगने ज्या शेतकऱ्याच्या पोराला आत घेतलं तोही त्या वेळच्या शिकलेल्या कोपनहेगनला बाहेरचाच होता. पण पुस्तकात नाव आलं म्हणून गाणं लोकांचं होत नाही हेही तितकंच खरं, त्या ६०१ मधली कितीतरी गाणी कोणी कधी उघडणार नाही. इसाम बीचं गाणं मी दोन-तीन ठिकाणी सगळ्यांबरोबर म्हटलंय. पहिल्यांदा लोक जरा अडखळले, ताल नेहमीचा नव्हता. पण पुढच्या वेळी एका आजोबांनी स्वतःहून त्या गाण्याचा पुस्तकातला नंबर सांगितला.

तुमच्यापैकी कोणी इकडे शिकायला किंवा नोकरीला येणार असाल तर गावातल्या लायब्ररीत किंवा चर्चच्या हॉलमध्ये सकाळच्या गाण्याचा कार्यक्रम असतो का ते बघा, बहुतेक ठिकाणी असतो, धर्म विचारत नाहीत, नाव पण नोंदवावं लागत नाही. दाराजवळ पुस्तकांचा ढीग असतो, एक उचला. पुढे कोणीतरी पियानोवर असतं, ते नंबर सांगतात. डॅनिश येत नसेल तरी बसा, पहिलं कडवं नुसतं ऐका आणि बोटाने ओळ धरा, चाल दर कडव्याला तीच असते, दुसऱ्यापासून म्हणायला लागा.